सव्वा तासाचा तर प्रश्न आहे

३ मार्च, सोमवार

ही वही जानेवारीत घेतली होती. रोज लिहायचं, असा निश्चय होता. जानेवारीत पेन सापडलं नाही. फेब्रुवारीत पेन सापडलं, पण तोवर वही ताईच्या शिलाई मशीनच्या पायाखाली गेली होती. मशीन डुगडुगत होतं, तिनं हाताला लागेल ते सरकवलं. आज भाऊजींनी मशीनला रबराचा तुकडा लावला आणि वही सुटली. तेव्हा उशीर माझ्यामुळे झालेला नाही, मशीनमुळे झालाय.

तसं बरंच झालं. आतापर्यंत लिहिण्यासारखं काही घडतही नव्हतं. आज घडलं.

चष्मेवालीचा फोन आला. (ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, पण पुढेमागे मी मोठा झालो तर लोक शोधून काढतील, म्हणून खुलासा करून ठेवतो.) चष्मेवाली दुसऱ्या शहरात चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. गेल्या वर्षी फिरत फिरत मी तिकडे गेलो होतो, तेव्हा त्यांच्या दुकानाची पाटी रंगवायचं काम मिळालं. माझा नंबर शून्य निघाला. तरी मी तीनदा तपासून घेतला. चौथ्या वेळी ती म्हणाली, तुझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही, तुला काय झालंय ते सांग. तिथून सुरुवात.

मग मी जरा पुढे फिरलो. मग इथे ताईकडे आलो, दोन दिवसांसाठी. तेव्हा थंडी होती, आता पंखा लागतो.

तर चष्मेवाली म्हणाली, कंपनी तिसऱ्याच एका शहरात शाखा उघडतेय, लांब, आणि तिला तिकडे पाठवायचं म्हणतेय. तीन वर्षं. एकतीस तारखेला तिनं उत्तर द्यायचंय. त्याआधी मी तिच्या बाबांसमोर येऊन बसलो आणि माणसासारखं बोललो, तर ती नाही म्हणेल. नाही आलो तर हो. बाबांची तिच्या दुकानाच्याच रस्त्यावर बेकरी आहे. बाबांचं म्हणणं असं की ज्याला दोन पाय आहेत त्यानं ते वापरावेत, मुलीच्या तोंडून स्वतःचं कौतुक ऐकवू नये.

मी तिला सांगितलं, अगदी निश्चिंत राहा. बसनं जायचं असतं तर गोष्ट वेगळी. विमानानं सव्वा तासाचा तर प्रश्न आहे. इथे आमच्या मजल्यावर नळाला पाणी यायला त्याहून जास्त वेळ लागतो.

निश्चय : उद्या तिकीट. परवा तिकडे.

४ मार्च, मंगळवार

तिकिटाला गेलो. लॉन्ड्रीच्या पलीकडे दुकान आहे. मालकाला सगळे विंडोसीट म्हणतात, कारण गिऱ्हाईक काहीही विचारो, त्याचं उत्तर ठरलेलं असतं : विंडोसीट देतो. चांगला माणूस आहे. पण खोलात जात नाही.

मी सहज विचारलं, अंतर किती आहे हो? तो म्हणाला, किती का असेना, नेणारं विमान आहे, तुम्हाला थोडंच ढकलायचंय. मी म्हणालो, भाजी घेतानासुद्धा आपण वजन विचारतो. मग त्यानं कॉम्प्युटरमध्ये बघितलं. आठशे चाळीस किलोमीटर. माझ्या मोबाईलवर अकराशे नव्वद. तो म्हणाला, तुमचं रस्त्याचं आहे. मी म्हणालो, रस्तासुद्धा तिकडेच जातोय ना? तो म्हणाला, जातोय, पण वळत वळत. मी म्हणालो, मग विमान वळत नाही कशावरून? त्यानं घड्याळाकडे बघितलं. शटर ओढायची वेळ झाली होती.

तिकीट राहिलं. पण केवढी मोठी गोष्ट हाती लागली. ते शहर किती लांब आहे हे कोणालाच नक्की माहीत नाही. आणि तरी लोक बिनदिक्कत जातात.

रात्री जेवताना भाऊजींना सांगितलं. भाऊजी लिफ्टचे मेकॅनिक. ते म्हणाले, तू आडवंच मोजतोयस. विमान आधी वर चढतं, शेवटी खाली उतरतं. दहा किलोमीटर वर, दहा खाली. ते कुठे धरलंस? मग मनातल्या मनात हिशेब करून म्हणाले, तीन हजारांच्या वर मजले झाले. आणि एवढ्या उंचीची लिफ्ट असती तर तिचं मेन्टेनन्स कोणी केलं असतं, या विचारानं त्यांनी निम्मं जेवण टाकलं.

ताई म्हणाली, एकाला जायचं नाही आणि दुसऱ्याला झोपायचं नाही, जोडी छान जमलीय.

निश्चय : अंतर आधी नक्की करायचं. मग तिकीट. डोळे झाकून उडी मारायचा माझा स्वभाव नाही.

५ मार्च, बुधवार

विंडोसीटच्या भिंतीवर मोठा नकाशा आहे. ताईची टेप घेऊन गेलो. नकाशाच्या खालचा कोपरा फाटलेला, नेमकं प्रमाण तिथेच होतं. दुसरा कोणी असता तर परत आला असता.

मी ओळखीचं अंतर घेतलं. गेल्या वर्षी मी कलिंगडांच्या ट्रकमधून दोन गावांमधला प्रवास केला होता, तो मला पाठ आहे : एक झोप, एक पंक्चर आणि ड्रायव्हरच्या मेहुण्याची सगळी हकीगत. ते अंतर टेपवर धरलं आणि त्या मापानं चष्मेवालीचं शहर मोजलं. दोन हजार शंभर आलं. विंडोसीट म्हणाला, इतकं लांब असतं तर मी कमिशन वाढवून घेतलं असतं. मग लक्षात आलं की टेपच्या एका बाजूला इंच आहेत आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर, आणि मध्ये कुठेतरी टेप उलटली होती. परत मोजलं. या वेळी शहर समुद्रात आलं. तिसऱ्या वेळी मात्र चोख. आठशे चाळीस.

विंडोसीट म्हणाला, हे तर मी काल सांगितलं होतं. मी म्हणालो, तुम्ही नुसतं सांगितलं होतं. मी सिद्ध केलं.

घरी आलो तर ताई तापलेली. टेप नाही म्हणून तिनं कुणाची तरी पँट वितीनं मापून कापली होती. एक पाय जरा पुढे गेलाय. मी म्हणालो, चालताना एक पाय पुढेच असतो. त्यावर मला जेवायला उशिरा वाढलं.

७ मार्च, शुक्रवार

अंतर झालं. आता वेळ. आठशे चाळीस किलोमीटर, विमानाचा वेग ताशी आठशेच्या आसपास, म्हणजे तासापेक्षा थोडंच जास्त. मी सव्वा तास म्हणतो ते उदारपणे म्हणतो. पण तिकिटावर छापतात दीड तास. मग वरची पंधरा मिनिटं जातात कुठे?

विंडोसीट म्हणाला, ती हातची धरलेली असतात. कधी रांग लागते, कधी वारा उलटा असतो. आधीच जास्त लिहून ठेवलं की उशीर झाला असं कोणाला म्हणता येत नाही.

मी दुकानात उभा होतो तो खालीच बसलो. म्हणजे छापलेली वेळ ही खरी वेळ नसतेच. मोठमोठ्या कंपन्या हातची धरून बोलतात. मग चष्मेवालीच्या कंपनीनंही धरलीच असणार. एकतीस तारीख म्हणजे काही एकतीस नाही. आतून ती पाच-सहा एप्रिल असणार.

बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागणार आज.

१० मार्च, सोमवार

आज खरं तर तिकीटच काढायला गेलो होतो. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

विंडोसीटची दाढ सुजली होती. तो म्हणाला, दहा मिनिटं बसा, डॉक्टरकडे जाऊन येतो, कोणी आलं तर थांबवून ठेवा. आता अडलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? बसलो. खुर्ची फिरणारी आहे.

एक आजी आल्या. लेकीकडे जायचं होतं, पहिलाच विमानप्रवास. विमानाला वेळ किती लागतो रे बाळा, असं त्यांनी विचारलं. मी सगळं सविस्तर सांगितलं. आडवं अंतर, उभं अंतर, मजले, उलटा वारा, हातची पंधरा मिनिटं, आणि नकाशावर समुद्र कुठवर येतो तेही. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, बस जाते का तिकडे? मी म्हणालो, जाते की. त्या बसस्टँडकडे गेल्या. जाताना तोंडभर आशीर्वाद दिला.

विंडोसीट परत आला तेव्हा त्याचा गाल बधिर होता, त्यामुळे त्याला काही बोलता आलं नाही. बहुतेक त्याला आवडलं असावं.

१२ मार्च, बुधवार

दाढ काढायला लागणार, आणखी दोन-तीन फेऱ्या आहेत. म्हणून मी आता सकाळी दुकान उघडतो. पगाराऐवजी एक तिकीट मिळणार, हव्या त्या तारखेचं. म्हणजे तिकिटाचा प्रश्न सुटलाच. आता फक्त जायचं तेवढं राहिलं.

आज एक कवळ्या बनवणारे गृहस्थ आले. नेमके चष्मेवालीच्याच शहराला निघालेले. मला एकदम सुचलं. त्यांना म्हणालो, चष्म्याच्या दुकानासमोर बेकरी आहे, तिथे बाबा असतील, त्यांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, येतोच आहे. संकोच करू नका, घरचेच आहेत, चहा घेऊनच निघा.

आता माझा निरोप विमानात बसला. म्हणजे एका अर्थी मी थोडासा पोहोचलोच.

ताई म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मी विचारलं, याचा इथे काय संबंध? ती म्हणाली, तूच शोध, तुला मोजायची आवड आहे.

१६ मार्च, रविवार

आठवडा धंद्याच्या दृष्टीनं उत्तम गेला. तिकडे जाणारा एकही माणूस मी निरोपाशिवाय सोडला नाही. लोकांना काम सांगितलं की बरं वाटतं.

चष्मेवालीचा फोन. आवाज चढलेला. म्हणाली, चार दिवस झाले, बेकरीत अनोळखी माणसं येतायत आणि जावईबापूंचा निरोप आहे असं सांगून बाकावर बसतायत. मी जावई हा शब्द उच्चारलेला नाही. 'घरचेच' म्हणालो होतो. लोक स्वतःच्या मनाचं घालतात. पहिल्या दोघांना बाबांनी चहा आणि बन दिला. तिसऱ्यानं संध्याकाळपर्यंत सामान ठेवू का विचारलं. एक अ‍ॅकॉर्डियनवाला तर दोन रात्री राहिला आणि भल्या पहाटे भट्टीजवळ बसून सराव करत होता, कारण तिथे ऊब असते. बाबांनी तिला विचारलं, हा मुलगा आहे की ट्रॅव्हल कंपनी?

शेवटी ती म्हणाली, एवढी माणसं पाठवलीस, आता अजून एकच पाठव. स्वतःला.

मी विचारलं, अ‍ॅकॉर्डियन बाबांना आवडलं का? फोन कट झाला. नेटवर्क असेल.

निश्चय : गुरुवारचं तिकीट. आता मागे बघायचं नाही.

१९ मार्च, बुधवार

गुरुवारचं बदललं. कारण तांत्रिक आहे. विंडोसीटनं विंडोसीट दिली, पण उजवीकडची. सकाळचं विमान, त्या बाजूला ऊन येणार. डोळे दिपलेल्या अवस्थेत मी बाबांसमोर जाऊन बसायचं? शिवाय माझ्या मोजणीप्रमाणे तिचं शहर डावीकडून दिसतं. डावीकडे जी एक खिडकी उरली होती ती नेमकी पंखावर. पंख बघायला कोण जातं? त्यापेक्षा सोमवारी डावीकडची चांगली आहे.

भाऊजी म्हणाले, बरोबर केलंस, पंखाजवळ आवाज फार. पंखाचे बोल्ट कोण चेक करतं, तेही विचारून ठेव.

ताईनं मशीन थांबवलं. मला म्हणाली, अरे, तू विमानाला घाबरतोस की त्या माणसाला?

हा प्रश्नच चुकीचा आहे. मी रात्रीच्या बसच्या टपावर झोपलोय. गळक्या होडीतून नदी ओलांडलीय. विमानात अजून बसलो नाही, तो केवळ योगायोग. आणि बाबांचं म्हणशील तर मी त्यांना अजून भेटलेलोच नाही, मग घाबरेन कसा?

हे सगळं ताईला सांगितलं नाही. तिचं मशीन परत सुरू झालं होतं.

२४ मार्च, सोमवार

आजचा दिवस मी विसरणार नाही. आज मी स्वतःपलीकडे गेलो.

बॅग भरलेली. शर्टला इस्त्री. जाता जाता दुकानात विंडोसीटचा निरोप घ्यायला थांबलो, तर एक माणूस धापा टाकत आला. डोळे लाल, नाकातून पाणी. म्हणाला, आत्ताच्या आत्ता तिकडे पोहोचायलाच हवं, तिघं माझ्यावर अवलंबून आहेत. विंडोसीट म्हणाला, विमान फुल्ल आहे. तो माणूस खुर्चीत कोसळलाच.

मी क्षणाचाही विचार केला नाही. मी म्हणालो, माझी जागा घ्या. विंडोसीट म्हणाला, अहो, तुमचं ते बाबांचं. मी म्हणालो, माणुसकी आधी. तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही म्हणून विंडोसीटला माझं रद्द करून त्याचं नवं काढावं लागलं. हे करताना तो माझ्याकडे बघत होता. कौतुक असावं.

चष्मेवालीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, वा, आणि फोन ठेवला. भारावून गेली असेल.

विचित्र गोष्ट म्हणजे बॅग परत रिकामी करताना एकदम हलकं हलकं वाटलं. चांगलं काम केल्यावर असंच वाटतं म्हणतात.

२६ मार्च, बुधवार

त्या माणसाला सर्दी झाली होती. आणि तो पत्त्यांच्या स्पर्धेला गेला होता. ते तिघं म्हणजे त्याचे पार्टनर. विंडोसीटला त्यानं तिकडून फोटो पाठवलाय, हातात ट्रॉफी, कपभर उंचीची. तिसरा नंबर.

मी विंडोसीटला म्हणालो, कुणाचं तरी भलं झालं ना? तो म्हणाला, तुमचं व्हायला काय हरकत होती? दाढ गेल्यापासून तो फार स्पष्ट बोलायला लागलाय.

दुपारी कवळीवाले गृहस्थ परत आले. बाबांनी माझ्यासाठी टोस्टचा पुडा पाठवलाय. आता बोला. नावडत्या माणसाला कोणी टोस्ट पाठवतं? मी विचारलं, आणखी काय म्हणाले? ते म्हणाले, फारसं बोलत नाहीत. भट्टीसमोरून हलत नाहीत. तीस वर्षांत कधी बेकरी बंद ठेवली नाही म्हणे, भट्टी थंड झाली की परत तापायला फार वेळ घेते. एकच प्रश्न विचारला, विमानानं खरंच सव्वा तासच लागतो का? आणि भीती वाटते का?

म्हणजे माझा विषय थेट भट्टीपर्यंत गेला. मला वाटतं, मी प्रत्यक्ष जाण्याची आता फक्त औपचारिकता उरलीय.

२८ मार्च, शुक्रवार

चष्मेवालीचा मेसेज. एवढाच : सोमवारी सकाळी हो म्हणतेय.

हातची धरून वाचलं तरी सोमवारच येतो.

मी तिला विचारलं, ते तिसरं शहर किती लांब आहे? तिनं लिहिलं, मोजून बघ. कॉम्प्युटरमध्ये बघितलं. चार तासांचं विमान. बदलून जावं लागतं. अंतर वाचलं आणि पहिल्यांदाच ते मोजून बघावंसं वाटलं नाही.

चहाबरोबर टोस्ट घेतला, अर्धाच ठेवून दिला. टोस्ट जुना असणार.

विंडोसीटला म्हणालो, रविवार सकाळचं द्या. कुठलीही बाजू चालेल. तो म्हणाला, मधली सीट आहे. मी म्हणालो, द्या. त्यानं चष्मा काढून पुसला आणि परत लावून माझ्याकडे बघितलं.

२९ मार्च, शनिवार

तालीम केली. भाऊजी बाबा झाले. त्यांना डोक्यावर पांढरा टॉवेल बांधला, समोर पोळपाट ठेवला. मी आत जाऊन नमस्कार केला. बाबा झालेले भाऊजी म्हणाले, काय करतोस? मी म्हणालो, लोकांना अंतरं सांगतो. भाऊजींनी डोक्याचा टॉवेल काढला आणि म्हणाले, अरे, हे तर मीसुद्धा मुलीला सांगणार नाही.

दुसऱ्यांदा सांगितलं, प्रवास-सल्लागार आहे. भाऊजी म्हणाले, स्वतः किती प्रवास केलास? मी म्हणालो, भरपूर. ते म्हणाले, विमानानं? इथे ताई हसायला लागली आणि तालीम बंद पडली.

मग ती हसायची थांबली. माझा शर्ट घेऊन गेली, बटण ढिलं होतं ते पक्कं करून दिलं. म्हणाली, त्यांना काही पाठ केलेलं सांगू नकोस. नुसता जाऊन बस. तेवढंच मागितलंय त्यांनी.

ताई अधूनमधून बरं बोलते.

निश्चय : उद्या. बस्स.

३० मार्च, रविवार
सकाळी ८.१०, विमानतळ

आलो. कल्पनेपेक्षा लवकर आलो. विमान १०.२० चं. भाऊजी सोडायला आले होते, सरकता जिना बघून थांबले, त्याची साखळी कुठे असेल याचा विचार करत होते. त्यांना तिथेच सोडून मी आत आलो. तपासणी झाली. बेल्ट काढायला लावतात, हे लोकांना सांगायला हवं होतं, माझ्या यादीत नव्हतं.

चष्मेवालीला मेसेज टाकला : निघालो, बाराच्या सुमारास उतरतो. मी अगदी शांत आहे.

८.५०

बाथरूमला जाऊन आलो. शांत आहे.

९.२०

शेजारी एक बाई बसल्या होत्या, त्यांचा पहिलाच प्रवास. धीर दिला. हातची पंधरा मिनिटं समजावून सांगितली. मजल्यांचा विषय मात्र काढला नाही, आता अनुभवानं शहाणा झालोय. त्या म्हणाल्या, तुम्ही नेहमी जाता वाटतं? मी म्हणालो, जाणारे सगळे माझ्याच हाताखालून जातात.

त्यांचं विमान लागलं, त्या गेल्या.

९.४०

आमच्या गेटसमोर खांब आहे, काही दिसत नाही. तीन गेट पलीकडे मोठी काच आहे. तिथून सगळी विमानं दिसतात. तिथे येऊन बसलो. आपण ज्यात बसणार ते कसं निघतं हे आधी दुरून बघून ठेवलं तर बरं. नुसत्या कागदावरच्या वेळांवर किती दिवस काढायचे?

१०.०५

समोर एक पांढरं विमान उभं आहे, शेपटी निळी. लोक चढतायत. बिचारे कसे मुकाट्यानं चढतायत. कोणी मागे वळत नाही. बघून धीर आला. एवढं काही अवघड नाही हे. माझं नाव मघाशी दोनदा कोणीतरी स्पीकरवर घेतलं असं वाटलं. मनाचे खेळ. जाणाऱ्या माणसाला असे भास होतात.

१०.२२

दार लागलं. निघालं. मिनिटभरही रेंगाळलं नाही, हातची धरायलाही लागली नाही. शिस्त असावी तर अशी. धावायला लागलं, पुढचं चाक उचललं, वर गेलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मी शेजारच्या माणसाला विचारलं, हे कुठलं होतं हो?

१०.४०

ते आमचं होतं.

११.१५

विंडोसीटला फोन केला. तो म्हणाला, तुम्ही विमानतळावर होतात ना? मी म्हणालो, होतो की, बघतच होतो. पलीकडे कीबोर्ड जोरात वाजला. मग म्हणाला, संध्याकाळी सहाचं एक आहे, शेवटची सीट, टॉयलेटशेजारी. मी म्हणालो, द्या. अजून सोमवार उजाडलेला नाही. रात्री आठपर्यंत बाबांसमोर बसतो.

या वेळी गेटवरून हलणार नाही. खांबासमोर बसलोय. खांब चांगला आहे.

ताईला कळवलेलं नाही. तिच्या हिशेबानं मी आता विमानात आहे. तिला उगीच कशाला त्रास?

१२.३०

चष्मेवालीचा फोन. मी उचलून आधीच सांगणार होतो, पण तीच आधी बोलली. घाबरलेली होती. म्हणाली, बाबा सकाळपासून घरात नाहीत. बेकरीला कुलूप आहे. भट्टी विझवलीय. फोन लागत नाही. असं आजवर कधी झालेलं नाही. तू उतरला असशील तर आधी बेकरीकडे बघ.

मी म्हणालो, बघतो. खोटं बोललो नाही. बघणारच आहे, फक्त रात्री.

तिला वाईट वाटतंय याचं मलाही वाईट वाटलं. पण शांत डोक्यानं विचार केला तर नशिबानं माझी बाजू घेतलीय. सकाळच्या विमानानं गेलो असतो तर कुलपासमोर बसायची वेळ आली असती. बाबाच नाहीत, मग बोलणार कोणाशी? माझं विमान चुकलं ते एका परीनं योग्य वेळीच चुकलं. रात्रीपर्यंत बाबा जिथे गेलेत तिथून परत येतील, मीही पोहोचेन. सगळं जुळून येतंय.

भूक लागलीय. टोस्ट आणायला हवा होता.

१.०५

ताईचा फोन. कुजबुजत बोलत होती. घरी बेकरीवाले आलेत, कवळीवाल्यांकडून पत्ता घेऊन. एकटेच. चपलांवर अजून पीठ आहे. विमानात पूर्ण वेळ डोळे मिटून बसलो होतो म्हणाले, आणि घोटभर पाणी मागितलं. सोमवारच्या आत मुलगा काही येत नाही, मग आपणच जाऊन बघावा, म्हणून भट्टी विझवून निघाले. मुलगा कुठे आहे विचारलं, तेव्हा ताईनं मोठ्या अभिमानानं सांगितलं, तो तर सकाळीच तुमच्याकडे गेला, एव्हाना तुमच्या दारात असेल. भाऊजींनी त्यांना माझ्याच खाटेवर बसवलंय. आता ते फोन चालू करून मुलीला विचारतायत, आला का?